बिनसाखरेच्या नाश्त्याला जास्त पैसे का मोजायचे?

नाश्त्याच्या पाकिटांवरून वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन बाजू उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, पाकिटातलं सगळं विष आहे, आपल्या पोहे-उपम्याला काय झालंय? दुसरी म्हणते, कुणी हात धरून घ्यायला लावलंय का? मागे सगळं छापलेलं असतं, वाचा आणि ठरवा. पहिल्या बाजूला पहाटे उठून कांदा चिरणारं माणूस गृहीत धरायचं असतं; ते माणूस बहुतेक घरांत बाईच असतं, हे मात्र सांगायचं नसतं. दुसऱ्या बाजूला ट्रॉलीत मूल बसवून अक्षरशः मुंगीएवढी अक्षरं वाचणारा गिऱ्हाईक गृहीत धरायचा असतो. या गदारोळात साधा प्रश्न राहूनच जातो. ज्याला सकाळी पाच मिनिटांत तयार होणारं, वाटीत ओतून खाता येणारं, साखर न घातलेलं धान्य परवडणाऱ्या भावात हवंय, त्याला ते दुकानात मिळतं का?

मिळतं. पण आपण ते जिथे शोधतो तिथे नसतं. जिथे असतं तिथे त्याला कुणी नाश्ता म्हणून मांडत नाही. आणि सीरियलच्या फळीवर ते चुकून सापडलंच, तर ‘आरोग्यदायी’ म्हणून त्यावर वरचा भाव चढवलेला असतो. ही गिऱ्हाइकाच्या आळसाची गोष्ट नाही. दुकानाच्या मांडणीची आणि लेबलाच्या नियमांची आहे. दोन्ही बदलता येतात. साखरेबद्दल असं बोलायचं आणि तेही महाराष्ट्रात, म्हणजे निम्म्या जिल्ह्यांचं राजकारण अंगावर घ्यायचं. म्हणून आधीच सांगून टाकतो की तक्रार साखरेबद्दल नाही. न मागता घातलेल्या आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला दडवलेल्या साखरेबद्दल आहे.

कुठल्याही सुपरमार्केटातली ही फळी जरा थांबून पाहा. डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याखाली, म्हणजे ट्रॉलीत बसलेल्या मुलाच्या नजरेसमोर, चॉकलेटचे शिंपले, मधाची कडी, स्ट्रॉबेरीची उशी. शेजारी कॉर्नफ्लेक्सचे घरगुती मोठे पुडे. वरच्या फळीवर सुकामेव्याची छायाचित्रं मिरवणारी मुसली. साधे रोल्ड ओट्स अगदी तळाला, किलोच्या मऊ पाकिटात, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत असे. दलिया या फळीवर नाहीच, तो रवा-बेसनाजवळ. पोहे तांदळाशेजारी, राजगिऱ्याच्या लाह्या उपवासाच्या कोपऱ्यात साबुदाण्याबरोबर, कुरमुरे फरसाणाकडे. ज्वारीच्या लाह्या असल्याच तर नागपंचमीच्या आसपास. तयार, भाजलेलं, दुधात घालून खाण्याजोगं बिनसाखरेचं धान्य दुकानात पाच ठिकाणी विखुरलेलं असतं आणि ‘नाश्ता’ अशी पाटी ज्या एकाच जागी लावलेली असते तिथे जवळजवळ सगळं गोड.

आता आकडे. ज्याला आपण ‘साधे’ कॉर्नफ्लेक्स म्हणतो त्याच्या घटकयादीत मक्यानंतर बहुधा साखरच येते आणि १०० ग्रॅममागे साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते. चॉकलेटच्या प्रकारांत ती पाव ते एक तृतीयांशापर्यंत जाते. मुसलीत १५ ते २५ ग्रॅम अगदी सर्रास; त्यातली काही मनुका-खजुराची, बाकी धान्याच्या गोळ्या खुसखुशीत करायला ओतलेल्या पाकाची. साध्या रोल्ड ओट्समध्ये मात्र १ ग्रॅमच्या आसपास आणि तीही धान्याची स्वतःची.

‘लेबल वाचा’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. कसं वाचायचं ते सांगितलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. घटकयादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण साखर, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशी गोडव्याची सहा तोंडं वेगवेगळी लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिला मान धान्याला मिळतो. म्हणून यादीपेक्षा पोषणतक्त्यातली ‘ॲडेड शुगर्स’ ही ओळ भरवशाची. २०२० च्या लेबलिंग नियमांपासून ती एकूण साखरेपासून वेगळी द्यावी लागते. ती १०० ग्रॅमच्या रकान्यात वाचायची, ‘प्रति सर्व्ह’च्या नाही. सर्व्ह बहुतेक ३० ग्रॅमची धरलेली असते. ३० ग्रॅम मुसली म्हणजे जेमतेम चार-पाच मोठे चमचे. कोण एवढ्यावर थांबतं? घरातल्या नेहमीच्या वाटीत ५०-६० ग्रॅम सहज पडते. एकदा वजनकाट्यावर वाटी ठेवून ओतून पाहिलं की पाकिटावरच्या टक्केवारीवरचा विश्वास उडतो.

त्या टक्केवारीत आणखी एक मेख आहे. दैनंदिन गरजेची टक्केवारी २००० किलोकॅलरीच्या आहारावर आणि ५० ग्रॅम घातलेल्या साखरेवर काढलेली असते. हा हिशेब प्रौढाचा. पाकिटावर कार्टून मुलांसाठी, मागचं गणित बापासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली कडक मर्यादा, म्हणजे एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी, १४०० किलोकॅलरी खाणाऱ्या लहान मुलाला लावली तर दिवसाला सुमारे १७ ग्रॅम साखर बसते. १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर असलेल्या शिंपल्यांची ४० ग्रॅमची वाटी १२ ग्रॅम देते. शाळेची बस यायच्या आतच दिवसाचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा संपला. पाकीट मात्र ३० ग्रॅमची सर्व्ह धरून ‘१८ टक्के’ सांगणार, आणि ते कायद्याने बरोबर असणार.

पाकिटाच्या समोरच्या बाजूवर छापलेले दावेही तपासून घ्यायला हवेत. नियमाप्रमाणे ‘लो शुगर’ म्हणायला १०० ग्रॅम घन पदार्थात साखर ५ ग्रॅमच्या आत हवी, ‘शुगर फ्री’ला अर्ध्या ग्रॅमच्या आत. ‘नो ॲडेड शुगर’ला साखर तर नकोच, पण साखरेच्या जागी फळांच्या रसाचा अर्क किंवा सुक्या फळांचा गर घालूनही चालत नाही. हे तीन शब्दप्रयोग नियमांनी बांधलेले आहेत, म्हणून त्यांना वजन आहे. ‘मल्टिग्रेन’, ‘मधाच्या गोडव्याने’, ‘गुळाचा स्वाद’ हे शब्द साखरेबद्दल काहीच कबूल करत नाहीत. गुळाचा तर विशेष उल्लेख हवा, कारण आपल्याकडे गूळ घातला की पदार्थ पथ्याचा होतो अशी समजूत आहे. गुळात बहुतांश साखरच असते आणि ती घातलेल्या साखरेतच धरायची. माल्टोडेक्स्ट्रिनची (स्टार्चपासून केलेल्या भुकटीची) गोष्ट उलटी: तक्त्यात ते साखर म्हणून मोजलं जात नाही, पण रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने वाढवतं. घटकयादीत ते वरच्या तीन-चार नावांत दिसलं तर साखरेचा लहान आकडा पाहून खूश व्हायचं कारण नाही.

आता भाव. बिनसाखरेचं महाग असणारच, कारण साखर स्वस्त भर आहे आणि ती काढली की तेवढं महाग धान्य घालावं लागतं, असं सांगितलं जातं. मुसलीपुरता हा युक्तिवाद मान्य करायला हवा. बदाम, ओट्स, बिया यांच्यापुढे साखर खरंच स्वस्त. पाक घातला की वजन भरतं. पण मक्याचं काय? २०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे किलोला २४. साखरेचा कारखान्याबाहेरचा किमान विक्रीदर २०१९ मध्ये किलोला ३१ ठरला. मक्याचा अंकुर आणि साल काढून कणी करताना घट येते, हे धरलं तरी कॉर्नफ्लेक्समधली साखर काढल्याने पुडा दीडपट महाग व्हावा असं त्या हिशेबात काही सापडत नाही. ‘शुगर फ्री’चा जादा भाव कच्च्या मालातून येत नाही, मधुमेह झालेला किंवा वजनाच्या काळजीतला माणूस घासाघीस करत नाही, या खात्रीतून येतो. आजाराची भीती ज्याला आहे त्याच्याकडूनच जास्त घ्यायचं, हा धंद्याचा नियम झालाय.

भावाची तुलना करायला एक चांगलं हत्यार कायद्याने हाती दिलंय, पण ते वापरणारे थोडे. आवेष्टित वस्तूंवर एमआरपीबरोबर आता एकक विक्री किंमतही छापावी लागते. किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. म्हणून ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणून मग ताडायचं. ‘०.५२ प्रति ग्रॅम’ म्हणजे किलोला ५२० रुपये. असं गुणलं की फळीचं खरं रूप दिसतं. शहरातल्या दुकानांत सध्या ढोबळमानाने साधे ओट्स किलोला १८० च्या आसपास, कॉर्नफ्लेक्स ३५० ते ४००, मुसली ४५० ते ६००. सुट्या ज्वारीच्या लाह्या २००-३००, दलिया आणि पोहे ५० ते ७०. दुकानागणिक आणि गावागणिक हे आकडे हलतात, क्रम सहसा हलत नाही. वाटीच्या हिशेबात ४० ग्रॅम ओट्स सात रुपयांच्या आसपास, ५० ग्रॅम मुसली पंचवीसच्या. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो हेही खरं नाही. ‘२० टक्के जादा’वाल्या पाकिटांत गुणाकार करूनच पाहावा.

हे धान्य सुरुवातीपासून गोड होतं का? अजिबात नाही. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात भाजलेल्या पिठाचं जे ‘ग्रॅन्युला’ काढलं ते इतकं कडक होतं की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकचे डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांच्या मते न्याहारी साधी आणि बेचवच बरी. त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ यांना ती विकायची होती. साखरेवरून दोघांचं बिनसलं आणि १९०६ मध्ये विल यांनी कॉर्नफ्लेक्सची स्वतंत्र कंपनी काढली. तरी खरा गोडवा आला तो त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी. १९३९ मध्ये पहिलं आधीच गोड केलेलं सीरियल बाजारात आलं, १९४९ मध्ये ‘शुगर क्रिस्प’, १९५२ मध्ये ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’, १९५३ मध्ये ‘शुगर स्मॅक्स’. या शेवटच्या पाकिटात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर होती आणि ती अभिमानाने नावातच मिरवली जायची. १९८० च्या दशकात साखर बदनाम झाली तेव्हा कंपन्यांनी काय केलं? नावातली साखर काढली. ‘स्मॅक्स’च्या मागे ‘हनी’ लागलं, ‘फ्रॉस्टेड फ्लेक्स’ नुसतेच उरले, आतला गोडवा बराचसा तसाच राहिला. आज आपल्याकडच्या पाकिटांवर मधाचं पोळं आणि गुळाची ढेप दिसते तेव्हा ही जुनी युक्ती आठवायला हरकत नाही.

विरुद्ध बाजूचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा लोहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. बाजारातल्या बऱ्याच फ्लेक्समध्ये लोह आणि ब-जीवनसत्त्वं घातलेली असतात. मूल उपाशी शाळेत जाण्यापेक्षा किंवा चहा-खारीवर भागवण्यापेक्षा दूध आणि असे फ्लेक्स नक्कीच बरे, आणि ते गोड असल्यामुळे मूल खातं हेही खरं. पण लोह चिकटायला साखर लागते का? साध्या मक्यावरही ते घालता येतं. शिवाय रक्तक्षयाचं ओझं ज्या घरांवर सगळ्यात जास्त आहे त्या घरांत चारशे रुपये किलोचे फ्लेक्स जातात कुठे? लोहाचा दाखला गरिबांच्या नावाने द्यायचा आणि पुडा मध्यमवर्गाला विकायचा, हा प्रकार जरा ओळखीचा वाटतो.

दुसरा मुद्दा असा की बिनसाखरेचं आणलं तरी माणसं घरी वरून दोन चमचे घालतातच, मग फरक काय? फरक मापाचा. चहाचा सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम. वर हिशेब केला त्या शिंपल्यांच्या वाटीत तीन चमचे होते. इतकी साखर डोळ्यांदेखत घालताना आईचा हात थांबतो. हाताने घातलेली साखर पुढच्या महिन्यात अर्ध्या चमच्यावर आणता येते, कारखान्यात शिजवलेली आणता येत नाही. केळ्याच्या चार चकत्या टाकल्या की तोही अर्धा चमचा गळतो.

तिसरा मुद्दा तंत्राचा आहे आणि बहुतेक टीकाकार त्याच्या वाटेला जात नाहीत. साखर फक्त चवीला नसते. मक्याची कणी वाफेवर शिजवताना घातलेली साखर आणि माल्ट भाजताना तो तांबूस रंग आणि खमंग वास देतात. बाहेरून दिलेला पाकाचा लेप दुधाला आत शिरू देत नाही, म्हणून फ्लेक वाटीत जास्त वेळ कुरकुरीत राहतो. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आलं, तळोज्याला कारखाना उभा राहिला, आणि सुरुवातीला माल हलेना. कारण इथे दूध गरम करून घेतात आणि गरम दुधात फ्लेक्सचा लगदा होतो. तेव्हा ‘साखर काढा’ म्हणताना कुरकुरीतपणाला फटका बसेल, हे मान्य करायला हवं. पण त्यावर उपाय जाड फ्लेकचा आणि थंड दुधाचा आहे. शिवाय, सगळ्याच पाकिटांतली साखर काढा असं कुणी म्हणत नाही. फळीवर एक तरी साधं पाकीट साध्या भावात असावं, एवढीच मागणी आहे.

आणि पोह्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही थोडं ऐकावं लागेल. पोहे म्हणजे तरी काय? भिजवलेलं भात भाजून चेपलेलं तयार धान्य; कॉर्नफ्लेक्सचा कारखाना जे मक्याचं करतो तेच. त्यात साखर नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण पांढऱ्या पोह्यांत तंतू आणि प्रथिनं बेताचीच. नुसत्या दूध-पोह्यांवर दहा वाजता पुन्हा भूक लागते; दाणे, दही किंवा मोड आलेले मूग सोबत हवेतच. सातूच्या पिठात गूळ कालवून, राजगिऱ्याचा लाडू करून, दिवाळीत गोव्यात गूळ आणि नारळाच्या रसातले फोव (पोहे) करून आपणही धान्य गोडच करत आलो आहोत. सणाला ते शोभतं, रोजच्या सकाळीला नाही. परंपरेच्या नावावर सगळंच खपवू नये.

मग आज, नियम बदलायची वाट न पाहता, दुकानातून काय उचलायचं? माझं मत लाह्यांच्या बाजूचं आहे आणि ते भावनेपोटी नाही. ज्वारीची लाही पूर्ण दाण्याची असते, साल आतच राहते. त्यात घातलेलं काहीच नाही आणि ती आयतीच तयार असते. घेताना मूठभर चोळून वास घ्यायचा. खवट वास आला तर माल जुना, परत करायचा. तळाला न फुटलेले दाणे (गणंग) फार असतील तर चाळून घ्यायच्या, नाहीतर मुलाच्या दातांखाली येतात. पावसाळ्यात त्या हमखास मऊ पडतात. मंद आचेवर जाड कढईत दोन-तीन मिनिटं परतून पूर्ण थंड झाल्यावर घट्ट डब्यात भरायच्या. गरम असताना झाकण लावलं तर वाफेने पुन्हा सादळतात, आणि दोष लाह्यांना दिला जातो. गरम दूध ओतलं की त्या क्षणात बसतात. थंड दूध, दही किंवा घट्ट ताक हवं. त्यांची खरी कमतरता म्हणजे हलकेपणा. २० ग्रॅमने वाटी भरलेली दिसते, पोट भरत नाही. म्हणून त्यांना ओट्स आणि दाण्यांची जोड द्यायची.

ते मिश्रण असं: रोल्ड ओट्स ५०० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या १५०, शेंगदाणे १००, जवस किंवा तीळ ५०, मनुका १००. ओट्स मंद आचेवर सात-आठ मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे. कच्चे ओट्स दुधात चिकट लागतात आणि ‘ओट्स आवडत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची तक्रार खरं तर याच चिकटपणाची असते. पाकीट घेताना ‘इन्स्टंट’ नको, ‘रोल्ड’ हवेत. इन्स्टंटचे तुकडे भाजताना करपतात. मसाला ओट्सचा तर इथे संबंधच नाही, तिथे साखरेच्या जागी मीठ आहे. जवस तडतडायचे थांबले की उतरवायचे आणि जाडसर भरडायचे, कारण अख्खे दाणे न पचता निघून जातात. पण भरड लवकर खवट होते म्हणून आठवड्यापुरतीच करायची. शेंगदाणे भाजून, सालं काढून, फोलून. मनुका डब्यात मिसळायच्या नाहीत. त्यांच्या ओलाव्याने लाह्या आठवडाभरात मऊ होतात. वाटीत घेताना वरून टाकायच्या. किराण्याच्या भावाने हे ९०० ग्रॅम मिश्रण १९० रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोला २१० च्या घरात. मनुकांसकट १०० ग्रॅममागे साखर साधारण ८ ग्रॅम, घातलेली शून्य. मनुका निम्म्या केल्या तर ४-५. तयार मुसलीच्या निम्म्या भावातला हा माल.

‘बघा, शेवटी घरीच करा म्हणालात ना!’ हा टोमणा इथे येणार आणि तो रास्त आहे. वीस मिनिटांचं असलं तरी ते काम आहे, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं हे सुरुवातीलाच म्हटलं. म्हणूनच ही कृती प्रश्नाचं उत्तर नाही. तिचा उपयोग एवढाच की साधं मिश्रण साध्या भावात बनू शकतं हे तिने दाखवून दिलं. पाच वस्तू किरकोळ भावाने घेऊन जे २१० ला बसतं ते घाऊक भावाने माल घेणाऱ्या कारखान्याला ५०० ला का विकावं लागतं? पॅकिंग, वाहतूक, वितरकाची टक्केवारी, दुकानातल्या जागेचं भाडं, जाहिरात हे सगळं धरूया. तरी त्यात साखर घातलेल्या आणि न घातलेल्या पाकिटाच्या भावात फरक पडण्याचं कारण कुठे आहे?

इथे नियमांचा विषय येतो, आणि ‘लोकांना शहाणं करा, कायदे नकोत’ म्हणणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. २००१ मध्ये आपल्याकडे शाकाहारी-मांसाहारी खूण सक्तीची झाली. चौकोनातला हिरवा ठिपका वाचायला साक्षरता लागत नाही, चष्मा लागत नाही. त्याआधीही घटकयादी वाचून पदार्थात काय आहे ते कळायचंच की! तरी खूण आणली, कारण प्रश्न लोकांना महत्त्वाचा वाटत होता. साखरेच्या बाबतीत मात्र तेच लोक मागची यादी पुरेशी मानतात. ती यादी इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की नियम पाळला गेला, मराठी ऐच्छिक. सातारा किंवा नांदेडच्या बाजारपेठेत इंग्रजी मुंगळ्यांची ती रांग कितीजण वाचतील?

चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन सक्तीचा केला. घन पदार्थांसाठी साखरेची मर्यादा टप्प्याटप्प्याने १०० ग्रॅममागे २२.५ वरून १० ग्रॅमवर आणली आणि अशा पाकिटांवरची मुलांना भुलवणारी चित्रंही काढायला लावली. केलॉग्जचा प्रसिद्ध वाघसुद्धा गेला. अष्टकोन टाळायला पुष्कळ कंपन्यांनी पाककृती बदलल्या. म्हणजे जमत होतं. ब्रिटनमध्ये जास्त साखरेचे पदार्थ दुकानाच्या दारात आणि रांगेच्या टोकाला मांडू नयेत असा नियम ऑक्टोबर २०२२ पासून आला. त्याविरुद्ध केलॉग्ज न्यायालयात गेलं. युक्तिवाद असा की सीरियल कुणी कोरडं खात नाही, तेव्हा साखरेचं प्रमाण दुधासकट मोजा. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दूध ओतल्याने वाटीतल्या साखरेचा एक कणही कमी होत नाही, फक्त टक्केवारी कमी होते. हे समजायला न्यायाधीश लागले, ही गंमतच.

आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मसुदा आणला तो ताऱ्यांचा: अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्यात साखर-मीठ-चरबीचे वजा गुण आणि भरडधान्य, कवचफळं, तंतू, प्रथिनं यांचे अधिक गुण एकत्र करून तारे द्यायचे. म्हणजे पाकात घोळलेल्या मुसलीला बदामाच्या जोरावर तारे कमावता येतील. ज्याला साखरेचंच तेवढं जाणून घ्यायचंय त्याला हा ताळेबंद काय सांगणार? २०२५ उजाडलं तरी तो मसुदाच होता. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तज्ज्ञ समितीला मुदत घालून द्यावी लागली. दरम्यान २०२४ च्या जुलैत साखर-मीठ-चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मान्यता दिली. बरं आहे, पण मागचाच आकडा मोठा केल्याने तो पुढे येत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना गोड पेयपुड्या ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यातून काढायला सांगितलं, आणि एका सूचनेसरशी मांडणी बदलली. दुकानाचा रकाना सरकारच्या सांगण्यावरून हलू शकतो, हे तिथे सिद्ध झालंय. मग १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या आत साखर असलेल्या तयार धान्याला, त्यात लाह्या, पोहे, ओट्स सगळे आले, ‘नाश्ता’ रकान्यात पहिली जागा द्या असं सांगायला अडचण कोणती?

शेवटचा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉर्नफ्लेक्स आणि त्या जातीच्या धान्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. स्वागत आहे, पण सवलत साध्या पाकिटाला आणि एक तृतीयांश साखरेच्या पाकिटाला सारखीच मिळाली. साखरेवर दर ठरवणं किचकट होईल, वर्गीकरणाचे खटले होतील, असं करतज्ज्ञ म्हणतील. पण त्याच दिवशी घातलेल्या साखरेच्या शीतपेयांवर ४० टक्के लागलाच ना? ‘घातलेली साखर’ हे शब्द दरपत्रकात तिथे आधीच आहेत आणि ‘ॲडेड शुगर्स’चा आकडा प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. ५ ग्रॅमच्या आत ५ टक्के, वर गेलं तर जुना १८, अशी एक ओळ तयार धान्याच्या शीर्षकाखाली घालायला नवा कायदा लागत नाही. जीएसटी परिषदेची एक बैठक पुरते.